आमच्या २२ ग्रामपंचायतींनी पैसे काढून स्वतःचं मंडळ केलं तर ऑडिटला चालतं का?

शिवेवरचा

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबडा आहे, ज्यांना ग्रामपंचायतीच्या कारभारात रस नाही त्यांनी इथूनच माघारी फिरलात तरी राग नाही.

मी ग्रामपंचायत सदस्य, दुसरी टर्म चालू आहे. गाव एका मोठ्या शहराला चिकटून, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत. कुठलं शहर ते सांगत नाही, सांगितलं की इथं लगेच कोण कोणाच्या गटाचा हे सुरू होईल. बांधकामाची परवानगी तिकडून मिळते, त्याचा पैसा तिकडं जातो, आणि सोसायटी उभी राहिली की कचरा, पाणी, मोकाट कुत्री, रस्त्यावरचे दिवे हे सगळं आमच्या दारात. चार बिल्डिंगा झाल्या, चाळीस लोक घरपट्टीची पावती हातात धरून ऑफिसात येऊन विचारतात कचऱ्याची गाडी कुठंय. गाडी आहे हो, एक, आणि तिचा ड्रायव्हर पाणी पण सोडतो.

आता मूळ मुद्दा. मध्यंतरी प्राधिकरणाच्या विकास आराखड्याचा मसुदा आला. हरकतीला ३० दिवस. नकाशा पीडीएफमध्ये, मोबाईलवर मोठा केला की गट नंबर फुटून नुसते ठिपके दिसतात. शेवटी शाळेतल्या गुरुजींचा प्रोजेक्टर आणला, मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर लावला आणि सगळं गाव बघत बसलं. तेव्हा कळलं की १८ मीटरचा एक रस्ता आमच्या पाण्याच्या टाकीवरून गेलाय. बाजूनं नाही, टाकीवरून. दोन वर्षांपूर्वीच बांधलेली टाकी. म्हातारे म्हणाले रस्ता टाकीखालून जाईल बहुतेक, पाय उंच आहेत तिचे. त्या दिवशी हसलो पण हरकत लिहायची कशी हे २२ गावांत एकालाही धड माहीत नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या वकिलाला, झेरॉक्सवाल्याला, ओळखीच्या इंजिनिअरला गाठलं, काही गावांनी तर एकमेकांच्या हरकतीची कॉपी मारली आणि गावाचं नाव बदलायचं राहिलं.

त्यावरून सगळ्या सरपंचांची बैठक झाली आणि निघालं की आपलं सगळ्यांचं मिळून एक मंडळ असावं, रजिस्टर केलेलं. प्रत्येक ग्रामपंचायतीनं वर्षाला २५ हजार टाकायचे, म्हणजे साडेपाच लाख होतात, त्यात एक नकाशा वाचणारा माणूस, एक वकील गरजेप्रमाणे, आणि प्राधिकरणात, कलेक्टरकडं, मंत्रालयात जाऊन २२ गावांच्या वतीनं बोलणारं कोणीतरी. बोलायला सोपं. लगेच भांडण लागलं. एका गावाची लोकसंख्या ६४०, दुसऱ्याची १४ हजार. छोटं म्हणतं आम्ही तेवढेच का द्यायचे, मोठं म्हणतं मग माणशी दहा रुपये काढा पण मग आम्हाला मतंही तेवढीच जास्त पाहिजेत. आणि आमचे भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक, आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण भाऊसाहेब ते भाऊसाहेबच) हात जोडून म्हणाले, ठराव काय करायचा तो करा पण उद्या ऑडिटला वसुली निघाली तर माझ्या पगारातून नको.

तर विचारायचं हे की असं करता येतं का, कुठल्या हेडातून (म्हणजे खर्चाच्या कुठल्या खात्यातून), कोणी केलंय का, आणि पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे यात वापरता येतील का. जाणकारांनी लिहा.

कट्ट्यावरचा गण्या

अजून एक मंडळ! झालंच तर मग. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, स्कॉर्पिओच्या पुढं लाल पाटी, नववर्षाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, फ्लेक्सवर २२ फोटो. साडेपाच लाखातले चार फ्लेक्सवाल्याला. भाऊ गावात आमदार आहे, खासदार आहे, झेडपी सदस्य आहे, पंचायत समिती आहे, ह्यांना मत देऊन पण गावाची बाजू मांडायला वेगळी वर्गणी काढायची म्हणजे लग्नात आहेर देऊन परत जेवणाचं बिल पण आपणच भरायचं.

शिवेवरचा

@गण्या हसलो. पण झेडपी सदस्य म्हणतोस तर २०२२ मध्ये मुदत संपली आणि बऱ्याच जिल्ह्यांत पुढं वर्षानुवर्षं प्रशासक बसला, त्या काळात आम्ही कोणाला सांगायचं होतं? जिल्हा नियोजन समितीत पाचातले चार सदस्य झेडपी आणि नगरपालिकांतून निवडून जायचे असतात. झेडपीच नाही तर तिथं गावाकडून बसणार कोण. पालकमंत्री आणि अधिकारी. आमदारांचं म्हणशील तर आमच्या मतदारसंघात निम्म्याहून जास्त मतं आता शहरातली आहेत, ते पण हिशोब करतातच की.

निवृत्त पंचायतवाला

मी विस्तार अधिकारी म्हणून २० वर्षं ग्रामपंचायतींची दप्तरं तपासली, त्यामुळे भाऊसाहेबांच्या पोटात का गोळा आला ते मला बरोबर कळतं.

पहिलं वित्त आयोगाचं. विसरा. पंधराव्या आयोगाचे ६० टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेलाच. राहिलेले ४० टक्के अबंधित म्हणतात म्हणून लोकांना वाटतं मोकळे आहेत, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही, आणि तुमच्या मंडळाचा सगळा खर्च म्हणजे माणूस आणि ऑफिस, दुसरं काय. शिवाय तो पैसा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या आराखड्यात काम घेतल्याशिवाय ई-ग्रामस्वराज पोर्टलवर हलतच नाही. तिथं "मंडळास वर्गणी" असं काम टाकून बघा, गटविकास अधिकारी तुम्हाला चहा पाजून परत पाठवतील.

राहिला स्वनिधी. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, गाळेभाडं. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग, हे आधी बाजूला. मग कर्मचाऱ्यांचे पगार, लाईटबिल. त्यातून जे उरतं ते तुमच्या मासिक सभेचं. पण तिथंही एक अडचण आहे. ग्रामनिधी गावासाठी खर्च करायचा असतो. एखाद्या नोंदणीकृत संस्थेला तुम्ही नुसती वर्गणी दिलीत तर ऑडिटर विचारणार, या वर्गणीबद्दल गावाला मिळालं काय? पावती दाखवून भागत नाही. "नियमबाह्य प्रदान, रक्कम वसूलपात्र" एवढं लिहिलं की झालं, सरपंच आणि ग्रामसेवक निम्मं निम्मं. मी अशा केसेस बघितल्यात, एका ठिकाणी तर ११ हजारांची वसुली निघाली होती एका स्नेहसंमेलनाच्या देणगीवरून आणि तो माणूस रिटायर होईपर्यंत पेन्शनच्या कागदात ती अडकून बसली.

आता लोक म्हणतील पण वर्गणी तर आम्ही आधीच भरतो. खरं आहे. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १३३, जिल्हा ग्रामविकास निधी, प्रत्येक ग्रामपंचायत दरवर्षी उत्पन्नाच्या ०.२५ टक्के तिथं भरते. त्यातून गावांना कर्ज मिळतं, दुकानगाळे वगैरे बांधायला. जिल्ह्यातल्या सगळ्या गावांनी थोडं थोडं टाकून एक सामाईक निधी करायचा ही कल्पना आपल्या कायद्यात १९५८ पासून आहे, तुमचे सरपंच काही नवं सांगत नाहीयेत. फरक इतकाच की ती वर्गणी कायद्यात लिहिलीय म्हणून ऑडिटला चालते आणि तुमची लिहिलेली नाही. आणि त्या निधीवर सही सीईओची असते, सरपंचाची नाही, हा दुसरा फरक.

केरळात बघा, ९४१ ग्रामपंचायतींची मिळून एक असोसिएशन आहे. सभासद पंचायत स्वतः आहे, सरपंच नावाचा माणूस नाही, वर्गणी पंचायत भरते आणि सरकारी बैठकांना त्यांना बोलावतात. आपल्याकडे सरपंचांच्या संघटना भरपूर आहेत पण त्या माणसांच्या संघटना आहेत, संस्थेच्या नाहीत. मानधनवाढीसाठी त्या कामाला आल्या, २०२४ मध्ये सरपंचांचं मानधन दुप्पट झालं, लहान गावाला ३ हजाराचं ६ झालं, चांगलं झालं. पण टाकीवरून गेलेल्या रस्त्याला तिथं कोण विचारणार.

माझा सल्ला शेवटी देतो, आधी बाकीच्यांचं येऊ द्या.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडं मंडळ होतं ना भाऊ. मोठं. घटनेत नाव असलेलं.

कलम ३७१(२), वैधानिक विकास मंडळ, विदर्भाला एक, मराठवाड्याला एक, उरलेल्या महाराष्ट्राला एक. १९९४ ला झाली. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष (कोणता भाग विकासात किती मागं राहिला ते) मोजून ठेवला होता त्यानंतर दहा वर्षांनी. राज्यपालांची विशेष जबाबदारी, स्वतंत्र ऑफिस, तज्ज्ञ, अहवाल. अहवाल चांगले होते बरं का, कोणत्या जिल्ह्यात सिंचन किती मागं, रस्ते किती मागं, आकडे तरी मिळायचे. विधानसभेत आमदार तेच आकडे घेऊन भांडायचे.

पण पैसा सरकारचा, माणसं सरकारनं नेमलेली, मुदत सरकारनं वाढवायची. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली आणि कोरोनात कोणाला पत्ताही लागला नाही. सप्टेंबर २०२२ ला मंत्रिमंडळानं पुन्हा करायचं ठरवलं ते वेगळंच, पण ज्या दिवशी मुदत संपली त्या दिवशी विदर्भातली एकही ग्रामपंचायत, एकही नगरपालिका असं म्हणू शकली नाही की थांबा हो, हे आमचं आहे, आमचे पैसे लागलेत यात. लागलेच नव्हते ना.

म्हणून गण्याभाऊचं सगळं पटतं, फ्लेक्सचं तर डोळ्यासमोर दिसते. पण २५ हजार टाकणारा माणूस निदान हिशोब तरी मागते. फुकटच्या मंडळाचा हिशोब कोण मागते?

शिखर समितीग्रस्त

हिशोब मागतो म्हणे! मी सांगतो काय होतं ते.

आमच्याकडं प्रादेशिक नळ पाणीपुरवठा योजना आहे, १४ गावं, एक धरण, एक शुद्धीकरण केंद्र, आणि वर शिखर समिती. शिखर समिती म्हणजे हेच की, प्रत्येक गावानं आपला हिस्सा भरायचा, समितीनं लाईटबिल भरायचं, पंप ऑपरेटरचा पगार करायचा. कागदावर इतकी सुंदर गोष्ट आहे की बघत बसावं. मी तिचा दोन वर्षं सचिव होतो, म्हणजे फोन उचलणारा.

पहिलं वर्ष सगळ्यांनी भरलं. दुसऱ्या वर्षी टोकाच्या दोन गावांनी थांबवलं, कारण त्यांच्यापर्यंत पाणी दाबानं पोचत नव्हतं, रास्त होतं त्यांचं. मग मधल्या गावानं विचार केला की ते भरत नाहीत आणि त्यांचं पाणी तर बंद करत नाही कोणी, मग आपण का भरायचं. मग निवडणूक लागली तेव्हा एका पॅनेलनं पाणीपट्टी माफ करू असं बोलून टाकलं. मार्च एंडला थकबाकी एवढी झाली की वीज कंपनीनं कनेक्शन कापलं आणि मग पैसे भरलेली गावं, न भरलेली गावं, सगळी सारखीच कोरडी. ज्या सहा गावांनी पै न पै भरली होती त्यांचे सरपंच माझ्या दारात उभे. मी काय सांगणार? ऐन एप्रिलात घागरी घेऊन बायका आमच्या ओट्यावर बसल्या होत्या, माझी आई त्यांना पाणी पाजत होती, आमच्याच बोअरचं, आणि त्या मला शिव्या देत होत्या, आईला नाही.

पाण्यासारख्या गोष्टीत, जिथं न भरलं तर घसा कोरडा पडतो, तिथं हे होतं. तुमचं मंडळ तर नकाशा वाचून देणार. पहिल्या वर्षी टाकीची भीती आहे म्हणून २२ जण भरतील. दुसऱ्या वर्षी १५. तिसऱ्या वर्षी ज्या गावातून रस्ता जात नाही ते म्हणेल आमचं काय काम. आणि हरकत मान्य होऊन रस्ता सरकला तर तो कोणाच्या तरी दुसऱ्याच गावातून जाणार ना? तो तुमच्याच मंडळाचा सभासद असला तर? मग मंडळ कोणाच्या बाजूनं बोलणार? ह्याचं उत्तर आधी काढा, वर्गणीचा दर नंतर.

शिवेवरचा

हे शेवटचं वाचून पोटात ढवळलं. आमचा रस्ता टाकीवरून सरकवला तर शेजारच्या गावच्या स्मशानाजवळून जातो. तिथला सरपंच बैठकीत माझ्या शेजारीच बसला होता आणि सगळ्यात आधी त्यानंच हात वर केला होता. त्याला बहुतेक अजून कळलेलं नाही.

सॅक्रामेंटोकर

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, इकडं कॅलिफोर्नियात येऊन १७ वर्षं झाली. इथं नेमकं असं एक आहे म्हणून लिहितोय. रुरल काउंटी रिप्रेझेंटेटिव्ह्ज ऑफ कॅलिफोर्निया. राज्यात ५८ काउंट्या (आपल्या जिल्ह्यासारख्या), त्यातल्या ४० ग्रामीण काउंट्या वर्गणी भरून हे चालवतात, १९७० च्या दशकापासून. बोर्डावर प्रत्येक काउंटीचा एक निवडून आलेला सुपरवायझर. ऑफिस सॅक्रामेंटोतच, विधिमंडळापासून जवळ, आणि कामच ते, कायदा येतोय म्हटलं की वाचायचा आणि ग्रामीण भागाला काय होईल ते जाऊन सांगायचं. वणवे, घरांचा विमा, जंगलाची जमीन सरकारची असल्यानं बुडणारा कर, कचरा.

मोठं-लहान गावाचं भांडण तिकडंही असणारच. अल्पाइन नावाची काउंटी आहे, सगळी मिळून हजार-बाराशे माणसं, आपल्याकडं एवढी एखाद्या वाडीत असतात. तिलाही बोर्डावर एक खुर्ची. तिच्या शेजारी लाखांत लोकसंख्या असलेल्या काउंट्या. लॉस एंजेलिस त्यात नाही, एक कोटीच्या आसपास माणसं आहेत तिथं, त्यांना गरज काय.

पण एक सांगतो, इथं काउंटीला स्वतःचा पैसा आहे, मालमत्ता कर आहे, स्वतःचा वकील आहे. ग्रामपंचायतीशी तुलना करताना जरा जपून. इथल्या सुपरवायझरला ऑडिटमध्ये वर्गणीची भीती वाटत नाही, ठराव केला की झालं. माझा चुलतभाऊ गावाकडं उपसरपंच आहे, त्याला स्टेशनरीची पावती हरवली म्हणून झोप लागत नाही.

मुळेकाठी

पुण्याचं उदाहरण घ्या. महानगर नियोजन समितीत (महानगर प्रदेशाच्या विकास आराखड्याचा मसुदा करणारी समिती) दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींतून असले पाहिजेत हे घटनेतच आहे. २०२१ मध्ये पुण्यात त्या ३० जागांची निवडणूक झाली. मोठ्या शहरांना २२, छोट्या शहराला १ आणि ग्रामीणला ७. लोकसंख्येच्या हिशोबानं असेलही बरोबर. पण प्राधिकरणाच्या हद्दीत गावं शेकड्यांनी आणि आरक्षणं, रिंगरोड, कचराडेपो कुठं पडणार? जिथं मोकळी जमीन आहे तिथंच. म्हणजे माणसं शहरात जास्त म्हणून मतं शहराची आणि जमीन गावाची म्हणून बोजा गावाचा. सात जणांनी काय करायचं, हात वर करून दमायचं.

आणि पैशाचं विचाराल तर गावं प्रादेशिक संस्थेला पैसे देतातच की आत्तासुद्धा, न विचारता. जमिनीच्या खरेदीखतावर मुद्रांक शुल्कासोबत लागणारा १ टक्का अधिभार झेडपी आणि ग्रामपंचायतीत वाटला जायचा, प्राधिकरण आल्यावर त्यात तिसरा वाटेकरी आला. तेव्हा कोणी ग्रामसभेचा ठराव मागितला नव्हता.

सरपंच ताई

दोन गोष्टी, चूल पेटवायची आहे म्हणून पटकन.

एक. मंडळावर "सरपंच" बसणार म्हणता, पण बसणार कोण? निम्म्या गावांत सरपंच बाई आहे, ५० टक्के आरक्षण आहे आपल्याकडं. तुमच्या त्या २२ सरपंचांच्या बैठकीत किती बायका होत्या? मला माहितीय उत्तर. आमच्या तालुक्याच्या बैठकीत पहिल्या दिवशी मी गेले तर शिपाई म्हणाला मॅडम साहेब नाही आले का. म्हटलं साहेब म्हशी धूत आहेत, सरपंच मी आहे. मंडळाच्या घटनेत पहिलं वाक्य हेच लिहा की निवडून आलेलीच व्यक्ती बसेल, नवरा, दीर, मुलगा कोणी चालणार नाही आणि त्यांची सही चालणार नाही. नाहीतर गावची बाजू मांडायला गेलेल्यांत गावचा अर्धा भाग नसणारच.

दोन. संस्था म्हणून रजिस्टर करायला धर्मादाय आयुक्तांकडं जाल तर सात माणसांची नावं लागतात आणि नावं माणसांची लागतात, पदाची नाहीत. पाच वर्षांनी, नाहीतर अविश्वास आला तर दोन वर्षांनीच, सरपंच बदलतो. मग चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, टाका. जुना सरपंच सही देत नाही, कारण नवा त्याचा विरोधक. आमच्या गावच्या देवस्थानाचा चेंज रिपोर्ट कित्येक वर्षं पडून होता, बँकेत पैसे असून कळसाला रंग देता येईना. तुमचं मंडळ सगळं मिळून दोन निवडणुका टिकेल, तिसऱ्या वेळी जुने पदाधिकारी म्हणणार आम्हीच मंडळ, आणि बँकेचं पासबुक कोणाच्या तरी घरात कपाटात.

शिवेवरचा

बायका किती होत्या: तीन. बोलल्या: एक. ती पण टाकीवरच बोलली आणि तिनंच सांगितलं की टाकी बांधली तेव्हाचा मोजणी नकाशा ग्रामपंचायतीत आहे, तो लावा. आम्ही कोणीच तो लावला नव्हता.

निवृत्त पंचायतवाला

आता माझं राहिलेलं.

संस्था काढू नका. निदान आत्ता नको. ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के, मी स्वतः एका संस्थेचा वाद १२ वर्षं बघितलाय, त्यात संस्थापक वारले आणि वारस भांडले, संस्था कशासाठी काढली होती ते कोणालाच आठवत नव्हतं.

वर्गणी देऊ नका, सेवा विकत घ्या. फरक शब्दांचा वाटेल पण ऑडिटला जमीन-अस्मान आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या अंदाजपत्रकात, नमुना १ मध्ये, आराखड्यावरच्या हरकती आणि सुनावणीसाठी तांत्रिक सल्ला, अशी तरतूद धरायची. अंदाजपत्रक होऊन गेलं असेल तर पुनर्विनियोजन (एका खात्यातली तरतूद दुसऱ्यात वळवणं) करून घ्या, नमुना २. मासिक सभेत विषयपत्रिकेवर घ्या, ऐनवेळच्या विषयात अजिबात नको, सूचक अनुमोदक नावानिशी. ग्रामसभेपुढं ठेवा. गटविकास अधिकाऱ्यांना आधी पत्र देऊन मार्गदर्शन मागा आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा, उत्तर नाही आलं तरी पोच लागते. तीन दरपत्रकं घ्या. २२ गावांनी एकाच नगररचनाकाराला घ्यावं, दर एकच ठरवावा, पण करारनामा प्रत्येक गावाचा वेगळा, बिल वेगळं, चेक वेगळा, आणि कामाचा अहवाल प्रत्येक गावाच्या दप्तरी. गावाला काय मिळालं असं ऑडिटरनं विचारलं तर ती फाईल पुढं सरकवायची. मग भाऊसाहेब सही करतील. मी असतो तर केली असती.

यात शिखर समितीवाल्या भावाचा प्रश्नही थोडा सुटतो. जो गाव भरणार नाही त्याची फाईल तयार होणार नाही, बस. बाकीच्यांचं अडणार नाही. त्याच्या पाणी योजनेच्या पंपासारखं नाही हे.

लोकसंख्येचं भांडण पण त्यातच मिटतं, कारण ज्या गावाचे गट नंबर जास्त, काम जास्त, त्याचं बिल जास्त. ६४० वाल्याला सहा-सात हजारात भागेल.

बैठकीला मात्र एक रजिस्टर ठेवा, कोण आलं, काय ठरलं. दोन वर्षं असं चाललं आणि लोक टिकले तर मग मंडळाचं बघा, तेव्हा जिल्हा परिषदेकडून रीतसर परवानगी मागायला तुमच्याकडं दाखवायला काहीतरी असेल.

शिखर समितीग्रस्त

पैशाचं सुटलं. स्मशानाचं?

शिवेवरचा

काल रात्री त्या सरपंचाकडं गेलो होतो. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. दोन्ही गावांचे नकाशे जोडून खाली अंथरले, सतरंजीवर, आणि दाखवलं. गडी पाच मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला मला वाटलंच होतं तू उगाच चहाला येणारा नाहीस. पुढं दीड तास बसलो. त्याचं म्हणणं, १८ मीटरचा रस्ता इथं लागतोच कशाला, जुना गाडीवाट-शिवरस्ता आहे की दोन्ही गावांच्या हद्दीवर, तो अर्धा अतिक्रमणात गेलाय, अर्धा त्याच्या मावसभावानं नांगरलाय. तो मोकळा करून तिकडून न्या म्हणावं. मावसभावाशी तो बोलणार. मला म्हणाला तू येऊ नको तिथं.

मग सध्या असं ठरलंय. २२ नाही, ९ गावं तयार आहेत. मंडळ नाही, वर्गणी नाही, निवृत्त साहेबांनी सांगितलं तसं, एकच नगररचनाकार आणि नऊ करारनामे. सुनावणीला नऊ गावं एकाच दिवशी जाणार, सरपंच स्वतः, ताईंचं वाक्य रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलंय. टाकीचा मोजणी नकाशा सापडला. उरलेल्या तेरातले चार जण म्हणतात बघू पहिल्यांदा काय होतंय ते, आणि १४ हजार लोकसंख्येचं गाव म्हणतंय आम्ही आमचा वकील वेगळा लावू. लावू द्या.

भाऊसाहेबांना ठरावाचा मसुदा वाचून दाखवला, त्यांनी तीन वेळा वाचला. अजून सही नाही. ठराव असा आहे: "आराखड्यावरील हरकतींच्या कामी सामाईक वर्गणी म्हणून रुपये…"

निवृत्त पंचायतवाला

वर्गणी शब्द काढा हो! एवढं सांगून पण. "तांत्रिक सल्ला सेवा शुल्क" लिहा. आणि सामाईक पण काढा.

शिवेवरचा

काढले दोन्ही. भाऊसाहेब आता पेन शोधतायत.

कट्ट्यावरचा गण्या

फ्लेक्स नाहीच मग?

शिवेवरचा

नाही. गुरुजींचा प्रोजेक्टर परत द्यायचाय फक्त, त्याचा बल्ब आमच्याकडून उडालाय, तो कुठल्या हेडातून टाकायचा ते सांगा.